स्लॅब टाकायच्या आधी

ती. अण्णा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

काल रात्री दादाचा फोन आला. मृगाच्या आधी घरावरचं मातीचं माळवद उतरवून स्लॅब टाकायचा, गुत्तेदार ठरला, सळई येऊन पडली, असं म्हणाला. अण्णा, तुमचा होकार घेतलाय म्हणे. आईला विचारलं का, असं मी विचारलं, तर तो हसला. "आईला त्यातलं काय कळतंय?" म्हणाला. त्या हसण्यामुळेच आज हे पत्र लिहायला बसले. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोघंही "बरं बरं" म्हणता आणि ठेवून देता.

आधी दादाचं जे बरोबर आहे ते सांगते, म्हणजे तो चिडणार नाही. स्लॅब माळवदापेक्षा जड नसतो. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी आपल्या माळवदावर दीड फूट पांढरी माती होती. दरवर्षी पावसाळ्याआधी गळतीवर आणखी चार पाट्या टाकायच्या, जुनी काही काढायची नाही, असं करत तीन पिढ्यांत ती वाढली. दहा बाय दहाच्या एका खोलीवर दीड फूट माती म्हणजे सात टनांच्या आसपास ओझं. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅब तीन टन. गणित दादाच्या बाजूनं आहे.

पण ते ओझं बसतं कशावर, ते त्यानं बघितलेलं नाही. आपलं घर खणाचं. माळवदाचं वजन तुळयांवर, तुळयांचं खांबांवर. भिंती नुसत्या आडोशाला. 1993 मध्ये कितीतरी घरांत भिंती ढासळल्या आणि लाकडाचा सांगाडा तसाच उभा राहिला, तो यामुळेच. आता गुत्तेदार खांब-तुळया काढणार ("सागवान आहे, चांगला भाव येईल" असंही त्यानं सांगितलंय, लक्षात घ्या) आणि स्लॅब थेट दगडी भिंतींवर टेकवणार. त्या भिंती अडीच फूट जाड दिसतात, पण आतून त्या दोन वेगळ्या भिंती आहेत. आतल्या बाजूचे दगड एकीकडे, बाहेरचे दुसरीकडे, मधे चिखल आणि कपच्या. उभं ओझं त्या पेलतील. आडवा हिसका बसला की दोन्ही बाजू एकमेकींना सोडून देतात, मग वरचा स्लॅब अखंड खाली येतो. आणि दादा तर म्हणतो, पुढंमागं वर अजून एक मजला.

हे मला कॉलेजनं शिकवलं असं मी लोकांना सांगते. खरं तर ते मी दहा वर्षांची असताना आपल्या ओसरीवर ऐकलं, आई, तुझ्याच तोंडून.

तीस सप्टेंबरची पहाट मला तुकड्यांनीच आठवते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते. चार वाजायला चार मिनिटं कमी होती, हे नंतर कळलं. तेव्हा फक्त भांडी पडल्याचा आवाज, अण्णांनी मला दंडाला धरून फरफटत अंगणात नेलं ते, आणि सवण्यातून, छतातल्या त्या झरोक्यातून, धो धो पडणारी माती. आपलं घर उभं राहिलं. मामाचं राहिलं नाही. किल्लारीला मोठी मामी आणि दोन लेकरं गेली, हे तू आम्हाला चार दिवस सांगितलं नव्हतंस. सरकारी हिशोबात मेलेल्यांचा आकडा आठ हजारांच्या घरात आहे. एवढ्या ताकदीचा भूकंप दुसरीकडं झाला असता तर इतकी माणसं गेली नसती. ती घरांनी मारली, हे मी आज कामाच्या खुर्चीत बसून म्हणू शकते. तेव्हा कुणी म्हणालं असतं तर तू त्याला हाकलून दिलं असतंस.

आणि एक. त्यावेळच्या भूकंपाच्या नकाशात आपला भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. आदल्याच वर्षी, 1992 मध्ये, किल्लारीकडं जमीन गुरगुरत होती, धक्के बसत होते, तरी नकाशा तसाच. पुढं 2002 साली झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि आपण तीनमध्ये गेलो. नकाशा बदलायला नऊ वर्षं लागली. आमच्या गावातल्या बायकांनी त्याच्या कितीतरी आधी माळवदाची माती उतरवायला सुरुवात केली होती.

बावन्न गावं उठवून दुसरीकडं नव्यानं बसवली, त्यावर सगळे बोलतात, टीव्हीवरही तेच दाखवतात. आपल्यासारखी, जागेवरच राहिलेली गावं दोन हजारांच्या वर होती. तिथं घर पाडायचं नाही, आहे तेच दुरुस्त करून मजबूत करायचं. पैसे सरकार देणार, तेही हप्त्यानं, काम बघून. पण मजबूत करायचं म्हणजे काय, ते कुणाला माहीत? इंजिनिअर साहेब महिन्यातून एकदा जीपमधून यायचे, खाली न उतरता विचारायचे आणि जायचे. त्यातून गाव आणि साहेब यांच्यामधे ते संवाद सहायक नेमायचं निघालं. 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या ताई गावात आल्या, महिला मंडळाच्या बायकांना बसवलं, आणि सातवी शिकलेली म्हणून तुझं नाव पुढं आलं. अण्णा, तुम्ही दोन दिवस बोलला नव्हतात. मला आठवतं. आजी म्हणाली होती, "सून आता गवंड्यांच्या मागं फिरणार."

फिरलीस की. हातात ती लाल पुठ्ठ्याची वही. घर कुणाचं, किती खण, हप्ता कितवा, सिमेंट किती पोती, आरपार दगड किती. आरपार दगड म्हणजे भिंतीला या बाजूपासून त्या बाजूपर्यंत भोक पाडायचं, त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना धरून राहतात. भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी पट्टा. कोपरे बांधून घ्यायचे. माळवदाची माती वीतभर ठेवून बाकी उतरवायची. गवंडी म्हणायचा, "बाई, भोक पाडलं तर भिंत कमजोर होईल." तू म्हणायचीस, "माझ्या भावाच्या भिंतीला एकपण भोक नव्हतं." त्यावर कोण काय बोलणार.

मला तेव्हा तुझी लाज वाटायची. शाळेत पोरं मला "सिमेंटबाई" म्हणायची. एकदा तू सरपंचाच्या पुतण्याच्या घरासमोर उभी राहून, आरपार दगड अठरा लिहिलेत आणि भरलेत सात, असं सगळ्यांदेखत मोजून दाखवलंस. मी शाळेतून येत होते, ते बघून मागच्या बोळातून घरी गेले. हे तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते.

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. आपत्तीनंतर समाज कसे सावरतात, यावर. पडद्यावर शब्द होता 'रेझिलियन्स' आणि खाली मराठीत 'लवचिकता'. लवचिक तर रबरही असतं. शिकवणारा हुशार माणूस होता, तक्रार नाही, पण दोन तासांत त्यानं एकदाही सांगितलं नाही की हप्त्याचा चेक द्यायच्या आधी भिंतीतले दगड कुणी मोजायचे. मी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाईंना तुझ्या वहीबद्दल सांगत बसले. त्यांनी विचारलं, वही अजून आहे का? मला माहीत नव्हतं. आहे का गं?

2001 च्या जानेवारीत कच्छला भूकंप झाला आणि आपल्याकडच्या बायका तिकडं गेल्या, तेव्हा तूही गेलीस. अण्णांनी स्वतः लातूरला स्टँडवर सोडलं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण तोवर बराच फरक पडला होता. तुला गुजराती येत नव्हतं, त्यांना मराठी. भिंतीवर हात ठेवून, बोटं दाखवून बोललात. परत आल्यावर तू काय पाहिलं ते सांगितलंस, ती गोल घरं, तिकडं त्यांना भुंगा म्हणतात. चौकोनी घरं पडली तिथंही ती बरीचशी उभी होती. "कोपराच नाही, मग फुटंल काय?" असं म्हणाली होतीस. आई, पुढं तिसऱ्या वर्षाला तो विषय शिकवायला प्राध्यापकांनी दोन तास घेतले. कोपऱ्यात ताण गोळा होतो, वगैरे. मी शेवटच्या बाकावर एकटीच हसत होते.

आता गावात ते काहीच उरलेलं नाही, हे मला दिवाळीत दिसलं. ज्या घरांना तू उभं राहून पट्टे घालून घेतलेस, त्यातल्या निम्म्यांनी पट्टा फोडून शटर बसवलंय. तिकडं मावशीच्या नव्या किल्लारीतही, अडीचशे चौरस फुटांच्या भूकंपरोधक घराला चिकटून लोकांनी वाटेल तशा खोल्या वाढवल्यात. त्यात त्यांची चूक म्हणवत नाही. ज्याला जमीन कमी त्याला घर लहान, अशा हिशोबानं वाटप झालं, मग गुरं कुठं बांधायची, सून आल्यावर कुठं निजायचं? रस्ते मात्र असे रुंद की समोरच्या घरी चहाला जायचं तर चप्पल घालावी लागते. मावशी अजून म्हणते, जुन्या गावात भिंतीला भिंत होती, हाक मारली की माणूस यायचं. त्याच भिंतींनी मारलं हे तिलाही माहीत आहे. दोन्ही खरं आहे.

दुष्काळाचं काही नाही लिहिलं तर अण्णा म्हणतील, पोरीला भूकंपाशिवाय दुसरं सुचत नाही. भूकंप एकदा आला, मिनिटभराच्या आत गेला. पाणी मात्र दर चार-पाच वर्षांनी जातं, आणि त्याला कुणी घाबरून अंगणात पळत नाही. 2016 मध्ये लातुरात पाणी भरायच्या जागी एकशे चव्वेचाळीस कलम लावलं होतं, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. त्या वर्षी अण्णांचं सोयाबीन गेलं, त्याच्या आधीच्या वर्षीचंही गेलं होतं, आणि दोन बोअर कोरडे. घरात खायला काय होतं? आईचं एक एकर. आईनं ते मागितलं तेव्हा अण्णा, तुम्ही ओढ्याकडचं खडकाळ रान तिच्या पदरात टाकलंत, हौस फिटू दे म्हणून. तिनं तिथं शेणखत घालून तूर, मूग, ज्वारी, भाजी, असं थोडं थोडं दहा जातींचं लावलं. त्या उन्हाळ्यात आपण बाजारातून डाळ आणली नाही. तुम्ही ते कुणापुढं बोलून दाखवलं नाहीत, पण पुढच्या वर्षी विहिरीजवळचं अर्धं एकर गुपचूप तिला जोडून दिलंत. मला दादानं सांगितलं.

'स्वयम् शिक्षण प्रयोग' उभी करणाऱ्या प्रेमा गोपालन 2022 साली गेल्या, तेव्हा आई फोनवर रडली होती. मी म्हणाले, एवढं काय, तू त्यांना किती वेळा भेटलीस? तू म्हणालीस, "भेटायचं कामून पडतंय? त्या बाईनं मला विचारलं होतं, तुझं मत काय. तोवर कुणी विचारलं नव्हतं."

म्हणून दादाच्या त्या हसण्याचा मला राग आला. तोही त्याच घरात वाढला. तो वाईट नाही. त्याला पोरांच्या अभ्यासाला पक्की खोली हवी आहे, पावसात गळतं त्याचा वैताग आहे, आणि गावात स्लॅबचं घर नसलं की सोयरीक जमत नाही हेही त्याच्या डोक्यात आहे. स्लॅब हवाच असेल तर मागच्या परसात दोन खोल्या नव्यानं बांधू. पाया, कॉलम, बीम सगळं घालून. नकाशा मी काढून देते, पैशातही माझा वाटा. जुन्या घराचं लाकूड विकायचं नाही. तिथं वरची माती काढून पत्रा टाकता येईल, खांब-तुळया तशाच. गळायचं थांबेल.

2024 च्या मार्चमध्ये हिंगोलीकडं सकाळी धक्का बसला, लातूरपर्यंत जाणवला. अण्णा, त्या दिवशी तुम्ही मला फोन करून म्हणालात, "काही नाही, भांडी वाजली जराशी." मग गप्प झालात आणि म्हणालात, "तुझी आई अजून आत आली नाही, अंगणातच बसलीय." तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. धक्का बसला होता सहा वाजता.

मी पुढच्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं येते. तोवर गुत्तेदाराला हात लावू देऊ नका. आई, तू वही शोध. नसली तरी चालेल. हातोडी घेऊन आपल्या भिंती तूच वाजवून बघ, पोकळ आवाज कुठं येतो तिथं खडूनं खूण कर. दादाला सोबत घे. तू सांग, त्याला खुणा करू दे. गुत्तेदारालाही त्याच वेळी बोलव, आणि त्याला विचार, स्लॅबचं ओझं कशावर येणार. फक्त तेवढंच विचार आणि त्याचं उत्तर ऐक.

अण्णा, गुडघ्याचं तेल पाठवलंय, लावताय ना?

तुमची,
सुमन

ता. क. दादानं मागच्या वर्षी माळवदाच्या कोपऱ्यावर हजार लिटरची टाकी बसवली आहे, ते दिवाळीच्या फोटोत आत्ता दिसलं. भरलेली असली की एक टन, तोही नेमका कोपऱ्यावर. शुक्रवारची वाट बघू नका, आजच रिकामी करून खाली घ्या. पाणी मोरीत सोडू नका, नळी लावून वांग्यांना द्या.