बाबा, आपला अजिंक्यतारा तर कालचं पोर निघाला!

सांगली, मंगळवार

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आई पदरचं मीठमसाला घालून सांगते, म्हणून हे पत्र.

शनिवार-रविवार बंगळूरला शुभाकडे जाऊन आले. आपल्या पेठेतली शुभा, ओट्यावर बसून बाबांकडून नकाशे भरायला शिकायची ती. कधीची बोलवत होती आणि मी आपली दिवाळीनंतर, परीक्षेनंतर करत होते. या वेळी राणी चेन्नम्माचं तिकीट काढलं आणि मगच तिला फोन केला. गाडी सांगलीहूनच सुटते, दुपारी बसलं की सकाळी बंगळूर. आई, घरातली तिघंही दोन दिवस जेवली बरं का, कुणी वाळलं नाही.

जाताना कंदी पेढे आणि इथली अर्धा किलो हळद घेतली होती. ती पिशवी रात्री कुणाच्या तरी ट्रंकेखाली चेपली. शुभाच्या घरी बॅग उघडली तर कुडता, टॉवेल, मोजे सगळं पिवळंधमक! शुभा म्हणाली, "अगं, हळद लावूनच आलीस की!" पांढऱ्या कुडत्याला साबण लावला तर डाग लालभडक. मग आईची युक्ती आठवली, तसाच ओला उन्हात टाकला. दुपारपर्यंत निम्मा डाग उडाला, उरलेला अजून आहे. पेढे शाबूत होते, पण तिच्या मुलाने ते संध्याकाळपर्यंतही टिकू दिले नाहीत. मराठी छान बोलतो, फक्त कानडी हेलात.

बाबा, आता तुमच्यासाठी. शनिवारी लालबागेत गेलो. हैदर अलीने १७६० साली घातलेली बाग, १८८९ चं काचघर, हे सगळं फिरून बघितलं. पण मी अडकले ती तिथल्या खडकावर. बागेतच एक उघडाबोडका, करडा डोंगर आहे, वर केंपेगौडाचा छोटा बुरूज. खाली भूवैज्ञानिक खात्याचा फलक, खडकाचं वय सुमारे ३०० कोटी वर्षं! तुम्ही वर्गात सांगायचात, आपला सह्याद्री लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे अजिंक्यतारा त्याच्यापुढे कालचं पोर. मी खाली बसून हात लावला. काळे-पांढरे पट्टे, मधेच दुमडलेले, दुधावरची साय चमच्याने सारावी तसे. ऊन चढलेलं, तळहात भाजत होता. आजूबाजूला जोडपी फोटो काढत होती, पोरं घसरगुंडी खेळत होती. तुम्ही असतात तर सगळ्यांना थांबवून फळ्याशिवाय तास घेतला असतात, आणि आई लाजून लांब जाऊन बसली असती.

चढ सोपा आहे, पायऱ्या नाहीत. सावकाश गेलं तर तुमचे गुडघे कुरकुर करणार नाहीत.

खाण्याचं थोडक्यात सांगते. एम.टी.आर.मध्ये रवा इडली खाल्ली. महायुद्धात तांदूळ मिळेना म्हणून ती त्यांनीच काढली असं म्हणतात. आई, तुझ्या रव्याच्या इडलीला दही कमी पडतं, हे मला आता कळलं. रागावू नकोस. बाकी रहदारीबद्दल न बोललेलं बरं. मेट्रो होती म्हणून रविवारी वेळेत स्टेशनवर पोचले, नाहीतर हे पत्र तिकडूनच आलं असतं. येताना बेळगावचा कुंदा घेतला, तो पुढच्या शनिवारी घेऊन येते.

खरं काम आता लिहिते. तिकिटं साठ दिवस आधी निघतात. तारीख कळवा, मी तुम्हा दोघांसाठी बंगळूरचे खालचे दोन बर्थ बघते. ज्येष्ठांची सवलत बंद झाली म्हणून बाबा कुरकुरतील, पण पैसे मी भरणार आहे, तेव्हा त्यांनी कुरकुर माझ्या खात्यावर मांडावी. आदल्या दिवशी एसटीने माझ्याकडे या. आईचं लोणचं काचेच्या बरणीत नको, हळदीवरून शहाणी झालेय मी.

शुभाचा निरोप आहे, "सरांना म्हणावं, कृष्णेच्या उपनद्या अजून पाठ आहेत, येऊन विचारा." तिने मला ट्रेनमध्ये बसवता बसवता घडाघडा म्हणूनही दाखवल्या. मी वेण्णा, कोयना, वारणेपर्यंत तिच्याबरोबर होते. पुढचं तुम्ही मला विचारू नका.

तुमची,
मनू