पाटोच्या ग्रंथालयातल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून आभार असे जाहीरच मानते. पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात लॅपटॉपसमोर कपाळाला हात लावून बसलेली मुलगी आठवते? ती मी.

मॅथेमॅटिका या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये मंगेशीच्या देवळाचं साधं मॉडेल करत होते. घुमट 'प्लॉट-थ्रीडी' या त्रिमितीय आलेखाच्या आज्ञेने काढलेला, बाजूला दीपस्तंभाच्या सात मजल्यांसाठी एकावर एक सात सिलिंडर. सुटा दीपस्तंभ छान दिसे, घुमटाची मात्र उपडी बशी व्हायची. 'शो' या चित्रं एकत्र दाखवणाऱ्या आज्ञेत दोन्ही घातले की बशी तशीच आणि दीपस्तंभ गायब. बरं, एररही येत नव्हती. एरर आली तर निदान काय शोधायचं ते तरी कळतं!

तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाहीत. "आधी घुमटाला एकट्याला विचार, तो सोबत काय काय घेऊन येतो," एवढंच म्हणालात. मी चित्राच्या सेटिंग्ज दाखवणारं 'ऑप्शन्स' चालवलं, तर बॉक्स-रेशो, म्हणजे चौकटीच्या लांबी-रुंदी-उंचीचं प्रमाण, निघालं १, १, ०.४. चित्र कशाचंही असो, वेगळं सांगितलं नाही तर प्लॉट-थ्रीडी उंची रुंदीच्या ०.४ पटीत बसवतं. माझा घुमट रुंद तेवढाच उंच, तो चेपणारच. प्लॉट-रेंज, म्हणजे किती भाग दाखवायचा ती मर्यादा, तीही घुमटापुरतीच, दीपस्तंभ चौकटीबाहेर पडला नि छाटला गेला. चित्रांच्या स्वतःच्या सेटिंग्ज 'शो' उचलतं खरं, पण 'शो'लाच थेट दिलेली सेटिंग त्यांच्यावर चालते. प्लॉट-रेंज 'ऑल', बॉक्स-रेशो 'ऑटोमॅटिक' लिहिलं आणि दीपस्तंभ हजर!

निघता निघता तुम्ही आणखी एक सांगितलंत, आणि मला विचाराल तर तेच जास्त कामाचं. 'शो' आकार जोडत नाही, नुसतं एका चित्रात दाखवतं. घनफळ काढायचं तर आकार खरोखर जोडणारं 'रीजन-युनियन' हवं, नाहीतर एकमेकांत घुसलेला भाग दोनदा मोजला जातो. आणि तिथे गोल भरीव हवा असेल तर 'बॉल' लिहायचं. 'स्फिअर' म्हणजे नुसतं कवच, त्याचं माप विचारलं तर पृष्ठफळ हातात पडतं. पुस्तकात हे असेलही, पण मला ते तुमच्यामुळे कळलं.

सभामंडप अजून व्हायचाय. कौलारू छपराचे उतार रीजनमध्ये कसे बसवायचे, तेवढं अडलंय. शनिवारी मी तिथेच असते. आलात तर दाखवीन, आणि या खेपेला नावही विचारीन.

तुमची,
फोंड्याची विद्यार्थिनी