मातीच्या पत्रिकेत शिशाचा रकाना नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

धुळ्याच्या बाजारात मी आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन बसतो. हल्ली गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी जुडी नाकाशी नेतं आणि म्हणतं, "भाऊ, हाई नालानी भाजी ते नही ना?" वासावरून सांडपाण्यातले शिसं-कॅडमियमसारखे विषारी धातू कळत असते तर काय हवं होतं! सांडपाण्यावरचा पालक उलट जास्त काळाभोर दिसतो. माझी भाजी विहिरीच्या पाण्यावर आहे, पण वडिलांच्या काळात दहा-बारा वाफ्यांना वर्षानुवर्षं नाल्याचं पाणी गेलंय. धातू काही कुजत नाहीत, आले की मातीतच राहतात.

दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर पाहिलं, चुना टाका, धातू बांधले जातात. टाकला. मेथी पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग कपाटातली मृदा आरोग्य पत्रिका काढली, तर सामू (pH) ८.२! चुन्याचा उपाय आम्ल जमिनीचा, कोकणातल्यासारख्या. तिथे सामू चढला की कॅडमियम मुळांना सहज मिळत नाही. आपली काळी जमीन आधीच चुनखडीची, तिला वर चुना दिला की पिकाचं जस्त आणि लोहच अडकतं. पत्रिका आधी बघायला हवी होती, चूक माझीच.

पण त्या पत्रिकेतही माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. २०१५ पासून मिळणाऱ्या या कागदावर १२ रकाने आहेत: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. शिसं नाही, कॅडमियम नाही. गंमत म्हणजे जस्त-तांबं मोजायला मातीचा जो अर्क काढतात, त्याच अर्कात हे दोन्ही मोजता येतात. यंत्रही तेच, फक्त त्या धातूचा दिवा वेगळा लावावा लागतो.

आपल्या मातीला चालणारे उपाय घरचेच आहेत. चांगलं कुजलेलं शेणखत, जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट (कॅडमियम मुळात शिरताना जस्ताशी स्पर्धा करतं) आणि कोळसा. पऱ्हाट्या आपण बांधावर पेटवून राख करतो. त्याच पऱ्हाट्या खड्ड्यात रचून वरून पेटवल्या आणि निखारा लाल असतानाच पाणी मारून विझवल्या, तर हातात येतो ठिसूळ, सच्छिद्र कोळसा. तो शेणकाल्यात मुरवून मग वाफ्यात मिसळायचा. कोरडाच टाकला तर सुरुवातीला पिकाचं नत्र ओढतो. यानं धातू जात नाहीत, धरून ठेवले जातात. शेणखत कुजून संपतं म्हणून ते दरवर्षी घालावं लागतं, कोळसा मात्र बरीच वर्षं टिकतो. फुकट मिळतो म्हणून सांडपाणी केंद्राचा गाळ मात्र कुणी न तपासता शेतात टाकू नये. त्यातूनच धातू यायचे.

पीकही बदलता येतं. कॅडमियम पानात चढतं, फळात त्या मानानं कमी. आणि पानात चढलेलं कितीही धुतलं तरी निघत नाही, धुण्यानं फक्त वरची धूळ जाते.

कृषी खात्याला एवढीच विनंती, की निदान नाल्याकाठच्या शेतांसाठी पत्रिकेत हे दोन रकाने वाढवावेत. पहिला नमुना माझ्या त्या वाफ्यांचा घ्या. सध्या तिथे भरिताची वांगी लावली आहेत. पालक पुन्हा लावायचा की नाही, ते आकडा बघून ठरवीन.

— एक भाजी उत्पादक, ता. जि. धुळे