कापसाचे काय झाले?

महोदय,

जागतिक व्यापार संघटनेतील वाटाघाटींवरचा कालच्या अंकातील लेख वाचला. लेखकांचा अभ्यास आहे, यात वाद नाही. पण ‘शेतीच्या जुन्या भांडणात अडकून न राहता ई-कॉमर्स, गुंतवणूक हे विषय पुढे घ्यावेत’ हा सल्ला वाचून संताप आला. भांडण जुने झाले ते दिलेली वचने पाळली नाहीत म्हणून! सरकारने ठरलेल्या भावाने खरेदी केलेल्या धान्यसाठ्याच्या प्रश्नावर २०१७ पर्यंत कायमचा तोडगा काढू, असे संघटनेच्या बालीतील बैठकीत २०१३ मध्येच ठरले होते. या खरेदीतल्या अनुदानाचा हिशेब मात्र अजून १९८६-८८ च्या भावांनीच होतो.

आणि कापूस? २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी एवढेच मागितले होते की, श्रीमंत देशांनी कापसावरची अनुदाने टप्प्याटप्प्याने बंद करावीत आणि तोवर आमचे नुकसान भरून द्यावे. या अनुदानांमुळे जगभर भाव पडत होते. त्याच वर्षी मेक्सिकोतील कानकुनला झालेल्या संघटनेच्या बैठकीच्या मसुद्यात त्यांना काय मिळाले? अनुदाने कधी संपणार याची तारीख नाहीच. उलट कापसावर विसंबलेल्या देशांनी उत्पन्नाचे दुसरे मार्ग धरावेत, त्यासाठी मदत करू, असा सूर. कमी खर्चात कापूस पिकवणाऱ्यांनीच कापूस सोडायचा, हा कुठला न्याय? त्याच बैठकीत गुंतवणूक, सरकारी खरेदी असे तेव्हाचे ‘नवे’ विषय रेटले जात होते आणि त्यांवरूनच बैठक मोडली. कापसाचा प्रश्न तातडीने सोडवू, असे सदस्य देशांनी २००४ मध्ये लिहून दिले. निर्यात अनुदाने पुढे बंद करायचे ठरले, हे मान्य. पण श्रीमंत देश आपल्या शेतकऱ्यांना घरात जी मदत देतात, तिचा मूळ प्रश्न तसाच आहे.

ब्राझीलचे तेवढे भागले. अमेरिकेच्या कापूस अनुदानांविरुद्धचा खटला त्याने संघटनेत जिंकला, प्रत्युत्तरादाखल निर्बंध लादण्याचा हक्क त्याने मिळवला आणि अमेरिकेने २०१० मध्ये वर्षाला सुमारे १४.७ कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. २०१४ मध्ये ३० कोटी देऊन प्रकरण मिटवले. हे पैसे ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी होते. मालीच्या शेतकऱ्याच्या हाती काय पडले? आता तर अशा खटल्यांत शेवटचा निकाल देणारे संघटनेचे अपील मंडळही डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे.

नव्या विषयांना माझा विरोध नाही. आधी जुनी वचने पाळा, एवढेच म्हणणे आहे.

जाता जाता : याच विषयावरच्या माझ्या मागच्या पत्रातला आकड्यांचा परिच्छेद आपण गाळला होता. जागेची अडचण समजते, पण आकडे गेल्यावर उरली ती नुसती कुरकुर. या वेळी कापसाचा परिच्छेद तरी कृपया कापू नये.

– आपला नियमित वाचक