पडलेल्या रानाचाही पंचनामा हवा

महोदय,

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. बागांचे पंचनामे झाले. डोंगरावरच्या रानात काय पडले, ते पाहायला कोण चढणार?

उपग्रहाला ते दिसते. वादळाआधीच्या व नंतरच्या अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘इन्फ्रारेड’ प्रकाशातल्या) प्रतिमा ताडल्या की पाला गेलेली जागा उठून दिसते. आपल्याकडे लगेच पावसाळी ढग दाटतात, ही खरी अडचण. पण रडारच्या लहरी ढगांतूनही पार जातात. इस्रोचा असा ईओएस-०४ उपग्रह २०२२ पासून अवकाशात आहे. (खात्रीसाठी रानात माणूस जावाच लागेल.) वनखात्याने वादळानंतर पडझडीचे नकाशे गावांना द्यावेत. वाळलेली खोडे वणव्याआधी हलवता येतील.

– एक बागायतदार, श्रीवर्धन