काविळीचं खापर गोळ्यांवर फोडण्याआधी सिफिलिसची व्हीडीआरएल टेस्ट करा

मा. संपादक,

माझा धाकटा भाऊ एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे, गोळ्या कधी चुकवत नाही. मध्यंतरी त्याची भूक गेली, डोळे पिवळे झाले, लिव्हरचे रिपोर्ट बिघडले. पहिला संशय एचआयव्हीच्या गोळ्यांवर, दुसरा दारूवर, तो दारूला शिवत नाही हे सांगून सांगून आम्ही थकलो. हिपॅटायटिस बी, सी निगेटिव्ह. गोळ्या थांबवायच्या का इथपर्यंत गोष्ट आली होती.

मग दुसरीकडे दाखवलं तर त्या डॉक्टरांनी आधी तळहात बघितले. तांबूस, मसूरडाळीएवढे डाग, खाज अजिबात नाही, तळपायावरही तसेच, आणि आम्ही ते ॲलर्जी म्हणून सोडून दिलेले! व्हीडीआरएल ही रक्ततपासणी केली, मग खात्रीसाठी टीपीएचए ही दुसरी, सिफिलिस (लैंगिक संबंधातून पसरणारा आजार) निघाला.

सिफिलिसने लिव्हरला सूज येते हे आम्हाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या टप्प्यात जंतू रक्तातून सगळीकडे पोचतात, लिव्हरमधेही. अशा वेळी लिव्हरच्या रिपोर्टमधले एसजीओटी, एसजीपीटी हे आकडे बऱ्याचदा थोडेच वाढतात पण अल्कलाइन फॉस्फटेज त्या मानाने भलतंच वर जातं, भावाच्या रिपोर्टवर त्या आकड्याखाली डॉक्टरांनी दोनदा पेनाने रेघ मारली. आणि लागण झाल्यावर होणारी पहिली जखम दुखत नाही, तोंडात किंवा गुदद्वारात असेल तर दिसतही नाही, त्यामुळे "तुला कळलं कसं नाही" असं कृपा करून कोणी पेशंटला विचारू नका.

उपचार म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन, 24 लाख युनिट, त्याला एकदाच दिलं (आजार जुना असेल किंवा कधीचा ते कळत नसेल तर दर आठवड्याला एक अशी तीन). त्या रात्री थंडी वाजून ताप आला, आम्ही घाबरलो, पण जंतू मरताना पहिल्या 24 तासात असं होऊ शकतं, हे आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काही आठवड्यात लिव्हर ताळ्यावर आलं, एचआयव्हीची एकही गोळी बंद करावी लागली नाही.

माझं मागणं एवढंच, एचआयव्ही असलेल्या माणसाचं लिव्हर बिघडलं की त्याच रक्तात व्हीडीआरएलही लावा. निगेटिव्ह आली आणि डाग असले तर लॅबला सॅम्पल पातळ करून परत बघायला सांगा, अँटीबॉडी फार झाल्या तरी टेस्ट फसते.

भावाचा टायटर (व्हीडीआरएलमधलं अँटीबॉडीचं प्रमाण) 1:64 वरून 1:16 वर उतरलाय. पुढची तपासणी पुढच्या महिन्यात, पार्टनरची पण त्याच दिवशी.

(भावासाठी म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती.)
एक वाचक