उत्तरेच्या किनाऱ्यावरून

ट्रॉम्सो, नॉर्वे
२८ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बर्गनहून निघालेली आमची क्रूझ आज ट्रॉम्सोला लागली. या दिवसांत इथे सूर्य मावळतच नाही, त्यामुळे हे पत्र मी मध्यरात्री केबिनच्या बाल्कनीत बसून, दिवा न लावता लिहिते आहे. बोटीवरच्या सुखसोयींना खरोखरच तोटा नाही. आई, तुझ्यासारख्या शाकाहारी माणसाचीही इथे चांगली सोय होते. पण मला तुम्हांला सांगायचे आहे ते बंदरांविषयी.

बर्गनच्या धक्क्यावर ‘ब्रिगन’ नावाची लाकडी घरांची रांग आहे. तांबड्या-पिवळ्या रंगांच्या, त्रिकोणी माथ्यांच्या या वखारी १७०२ च्या आगीनंतर जुन्याच धाटणीने पुन्हा बांधल्या गेल्या आणि १९७९ पासून त्या जागतिक वारसा स्थळांत आहेत. चौदाव्या शतकात हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांनी इथे आपली पेढी थाटली. उत्तरेकडचे कोळी सुकवलेला कॉड मासा घेऊन येत आणि त्याच्या बदल्यात धान्य घेऊन जात. आगीच्या धास्तीने वखारीत चूल किंवा दिवा पेटवायला सक्त मनाई होती. स्वयंपाक आणि ऊब यांसाठी मागच्या बाजूला वेगळ्या इमारती होत्या. त्या अरुंद बोळांतून, पायाखालच्या फळ्या करकरत असताना चालले, तेव्हा ऐन हिवाळ्यात तिथे राबणाऱ्या शिकाऊ पोरांची मला फार कणव आली.

ओलेसुंड हे गाव १९०४ च्या जानेवारीत जवळजवळ सगळे जळाले आणि अवघ्या तीन-चार वर्षांत दगडविटांनी नव्याने उभे राहिले. ट्रॉनहाइमला संत ओलाव याच्या समाधीस्थानी बांधलेले भव्य कॅथेड्रल पाहिले; मात्र तिथे बोट इतका थोडा वेळ थांबली की मन भरले नाही. मोठ्या बोटींचे हे वेळापत्रक मला पटत नाही.

बाबा, लोफोटेन बेटांवर मात्र तुमची फार आठवण झाली. बॅरेंट्स समुद्रातला कॉड हिवाळ्यात अंडी घालायला इथे येतो. पकडलेल्या माशांची डोकी काढून, दोन-दोन मासे शेपटीशी बांधून ते लाकडी मांडवांवर टांगतात, अगदी आपल्या अर्नाळ्याच्या बांबूंच्या वलांडीवर बोंबील टांगतात तसे. फरक इतकाच की आपल्याकडे बोंबील जबड्यात जबडा अडकवून उन्हात वाळवतात, तर इथे काम वाऱ्याचे. मीठ अजिबात लावत नाहीत. फेब्रुवारी ते मे या काळात हवा शून्य अंशाच्या आसपास असते, त्यामुळे मासा गोठून खराब होत नाही आणि माश्याही बसत नाहीत. वाळलेला मासा हातात घेतला तर तो लाकडासारखा टणक आणि अगदी हलका लागला. पाच किलोंचा जेमतेम एक किलो उरतो. हाच मासा वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून तो दूर इटलीपर्यंत पोहोचला आणि बर्गनच्या त्या वखारी त्याच्यावरच उभ्या राहिल्या. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला असूनही अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे लोफोटेनची ही बंदरे बर्फाने बंद होत नाहीत, हे या व्यापाराचे मोठे भाग्य.

बाबा, वलांडीचे बांबू किती उंचीवर बांधतात आणि पाऊस आला तर काय करतात, हे मला सविस्तर लिहून कळवा. तिथे मासे उतरवणाऱ्या एका आजोबांनी आपल्याकडची पद्धत मोठ्या उत्सुकतेने विचारली होती, आणि मी त्यांना पत्राने उत्तर पाठवायचे कबूल केले आहे.

प्रकृतीस जपा. धाकट्यांना अनेक आशीर्वाद.

आपली,
वैशाली